रस्ता कधी आरोपी नसतो : कुंभकोणमच्या वाटेवरचा इतिहास

या मालिकेत आपण किल्ले पाहिले, लढाया पाहिल्या, तह आणि वारसाहक्काची भांडणं पाहिली. आज एक अगदी रोजची गोष्ट घेतो आहे : रस्ता. साधा डांबरी रस्ता, ज्याच्यावर आपण सकाळी गाडी काढतो आणि संध्याकाळी घरी पोचू असं धरून चालतो.

अपघात झाला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गर्दी जमते, पोलीस येतात, पंचनामा होतो, गुन्हा नोंदवला जातो. जून २०२४ पर्यंत भारतीय दंड संहितेची २७९ आणि ३०४-अ ही कलमं लागायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १०६ लागतात. यातलं पहिलं कलम सरळ वाहन चालवणाऱ्याबद्दल आहे. दुसरं मात्र हयगयीनं मृत्यूला कारण होणाऱ्या कुणाबद्दलही आहे. म्हणजे खड्डा सहा महिने तसाच ठेवणाऱ्यालाही ते लागू शकतं. पण प्रत्यक्षात लागतं कुणाला? जवळजवळ नेहमीच चालवणाऱ्याला. रस्ता तिथंच पडलेला असतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पण आरोपींच्या यादीत त्याचा मालक नसतो.

हे असं का झालं, याला एक इतिहास आहे. तो समजून घ्यायला मी तुम्हाला तमिळनाडूत नेणार आहे, कुंभकोणमला. तुम्ही म्हणाल, खड्ड्यांवर बोलायला इतक्या लांब कशाला? आपल्याकडे काय कमी आहेत? खरं आहे. पण कुंभकोणमच्या वाटेवर या प्रश्नाचे सगळे धागे एकत्र सापडतात, आणि त्यातले बरेचसे मराठी आहेत.

दगड नसलेला मुलूख

कुंभकोणम तंजावूरपासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलारु, आणि मध्ये हे देवळांचं गाव. व्यंकोजीराजांनी १६७६ मध्ये तंजावूरची गादी स्थापन केली, आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले तेव्हा ती संपली. म्हणजे जवळजवळ १८० वर्षं हा मुलूख भोसल्यांच्या नावानं चालला. आजही कुंभकोणम आणि तंजावूरमध्ये मराठी घरं आहेत. त्यांची मराठी ऐकायला गोड लागते आणि आपल्याला अर्धी समजते.

मी तंजावूरहून कुंभकोणमला बसनं गेलो आहे. खिडकीतून जे दिसतं ते कोकणातल्या किंवा देशावरच्या माणसाला चकित करतं. नजर पोचेल तिथपर्यंत भाताची खाचरं, कालवे, पाट, नारळ, केळी. डोंगर नाही, टेकडी नाही, आणि दगडही नाही. हा सगळा कावेरीनं आणून टाकलेला गाळ आहे. राजराज चोळाला तंजावूरचं बृहदीश्वराचं देऊळ बांधताना ग्रॅनाइट कित्येक कोसांवरून आणावा लागला होता. देवळासाठी राजा दगड आणतो. रस्त्यासाठी कोण आणणार?

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण अपघाताचं मूळ इथंच आहे. आधुनिक रस्त्याचं शास्त्र ज्यानं घालून दिलं त्या जॉन मॅकॅडमचं सांगणं थोडक्यात असं होतं : वजन शेवटी खालची मातीच पेलते, म्हणून ती माती कोरडी ठेवा. वर बारीक फोडलेल्या खडीचा घट्ट थर द्या आणि पाणी बाजूला काढून द्या. रस्त्याचा खरा शत्रू पाणी असतं, चाक नंतर येतं. आता विचार करा, ज्या मुलखात दोन्ही बाजूंना भाताची शेतं महिनोन्महिने पाण्यानं भरलेली असतात, तिथं रस्ता म्हणजे दोन तळ्यांमधला बांध. खालची चिकणमाती भिजली की फुगते, सुकली की आकसते. वरच्या डांबराला भेगा पडतात, भेगेतून पाणी उतरतं, वरून उसाचा ट्रॅक्टर किंवा भाताचा ट्रक जातो, आणि खड्डा तयार होतो.

आणखी एक. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. तिथला मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. दिवाळीच्या आणि अय्यप्पाच्या यात्रेच्या गर्दीचे दिवस तेच. म्हणजे रस्ता सगळ्यात कमजोर आणि वाहनं सगळ्यात जास्त, असे दोन्ही योग तिथं एकाच वेळी येतात.

छत्र : पडलेल्या माणसाची जबाबदारी

आता मराठेशाहीकडे येऊ. काशीहून रामेश्वरला जाणारा यात्रेकरू याच मुलखातून जायचा. आजच्यासारखी टक्कर तेव्हा नव्हती, पण बैलगाडी उलटायची, माणूस ओढ्यात वाहून जायचा, तापानं वाटेतच पडायचा. तंजावूरच्या भोसल्यांनी या वाटेवर छत्रं बांधली. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. नीडामंगलमचं यमुनांबाळपुरम छत्र प्रसिद्ध आहे. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळपुरम छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ मध्ये उभारलं.

इथं सरफोजीराजांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजांच्या हाती किल्ला आणि थोडंफार उरलं. अशा वेळी १८०१ मध्ये त्यांनी तंजावूरचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला छत्रांबद्दल पत्र लिहिलं. छत्रांच्या उत्पन्नाला हात लावू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. छत्रात काय काय होतं तेही त्यांनी सांगितलं : येणाऱ्या प्रत्येक जातीच्या वाटसरूला जेवण, आजारी पडलेल्याला वैद्य आणि औषध, तो बरा होईपर्यंत मुक्काम, बाळंतिणीची सोय, लहान मुलांना दूध, आणि वाटेतच कुणी मेला तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी.

आपण याकडे राजाचा दानधर्म म्हणून पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. छत्रामुळे रस्ता सुधारत नव्हता, चिखल तसाच राहत होता. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाचं पुढं काय, हा प्रश्न उरत नव्हता. ती जबाबदारी कुणाची हे ठरलेलं होतं, त्यासाठी नेमलेलं उत्पन्न होतं, आणि तिचं उत्तर द्यायला राजा होता. हे ध्यानात ठेवा, शेवटी आपल्याला इथं परत यायचं आहे.

डेव्हनचा मोडका पूल

कंपनी आली, तिच्याबरोबर खाती आली. मद्रास इलाख्यात तळी, कालवे, रस्ते यांची दुरुस्ती पाहणाऱ्या खात्याला नाव होतं मरामत. हा आपलाच शब्द, मरम्मत. तमिळमध्ये तो आजही ऐकू येतो. हे खातं कलेक्टरच्या हाताखाली असे. कलेक्टरचं पहिलं काम सारा गोळा करणं, आणि सारा येतो भातातून, भात येतं पाण्यातून. त्यामुळे पैसा आधी कालव्यांकडे जाणार हे उघड होतं. आर्थर कॉटननं १८३६ मध्ये कोळ्ळिडम नदीवर वरचा आणि खालचा असे दोन बंधारे बांधले. खालचा बंधारा अणैकरै इथं, कुंभकोणमच्या उत्तरेला. पाण्याच्या हिशेबात ते मोठंच काम झालं. त्या बंधाऱ्यावरूनच पुढं चेन्नईचा रस्ता गेला. बैलगाडीच्या काळातल्या त्या अरुंद वाटेवर विसाव्या शतकात बस आणि लॉरी आल्या, आणि शेवटी अवजड वाहनांना तिथं बंदी घालायची वेळ आली.

कंपनीबरोबर कायद्याची एक कल्पनाही आली. ती इंग्लंडातली आहे. १७८८ मध्ये डेव्हन परगण्यात एका मोडक्या पुलावर एकाची मालगाडी मोडली. पूल दुरुस्त ठेवणं परगण्याच्या लोकांचं काम होतं, म्हणून त्यानं त्यांच्यावर दावा लावला. न्यायालयानं तो फेटाळला. अख्ख्या समाजाला त्रास होण्यापेक्षा एकट्यानं नुकसान सोसलेलं बरं, असा एक विचार त्यामागे होता. यातून पुढं एक नियम रुजला. रस्त्याची दुरुस्ती चुकीची केली आणि कुणाला इजा झाली, तर रस्तेखातं जबाबदार. पण दुरुस्ती केलीच नाही, तर जबाबदार नाही!

म्हणजे काहीच न करणं सगळ्यात सुरक्षित. हसू नका, हा नियम इंग्लंडात १९६१ चा कायदा येईपर्यंत टिकला. आपल्याकडच्या न्यायालयांतही या विचाराचे पडसाद पुष्कळ काळ उमटत राहिले. छत्राच्या काळात उत्तर द्यायला एक राजा होता. आता एक खातं होतं, त्याच्याखाली दुसरं, त्याच्याखाली तिसरं, आणि काही न करण्याला कायद्याचा आधार होता.

कुंभकोणमचे माधवराव

याच काळात कुंभकोणमच्या एका देशस्थ मराठी घरात १८२८ मध्ये एक मुलगा जन्मला. टी. माधवराव. बडोद्याचे दिवाण म्हणून तुम्ही हे नाव ऐकलं असेल. सयाजीराव लहान असताना १८७५ ते १८८२ राज्याची घडी यांनीच बसवली. त्याआधी ते त्रावणकोरचे दिवाण होते, १८५८ च्या सुमारापासून १८७२ पर्यंत. घराण्याचं वळणच कारभाराचं. त्यांचे वडील आणि चुलतेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेले होते.

माधवरावांना त्रावणकोर मिळालं तेव्हा राज्य कर्जात होतं. त्यांनी आधी जमाखर्च ताळ्यावर आणला आणि मग बांधकामाला हात घातला. बार्टन नावाचा इंजिनिअर हाताशी होता. तिरुअनंतपुरमहून उत्तरेला अंगमालीपर्यंत जाणारा जो मेन सेंट्रल रोड आज केरळात आहे, त्याची कल्पना जुनी, पण त्याचं बरंच काम माधवरावांच्या काळात पुढं गेलं.

मला यात महत्त्वाची वाटते ती त्यांची रीत. रस्ता बांधायचा तर त्याचं एक स्वतंत्र खातं, खात्यावर एक जाणकार माणूस, त्याच्या हाती ठरलेली रक्कम, आणि वर्षाच्या शेवटी काय झालं याचा हिशेब. बडोद्याला आल्यावरही त्यांनी राज्यकारभाराचा वार्षिक अहवाल छापायची प्रथा ठेवली. रस्ता कुणाचा, पैसा किती, काम कुठवर, हे कागदावर आलं की विचारायला जागा मिळते. दिवाणाला हे कळलं होतं की रस्ता ही एकदा बांधून सोडून द्यायची वस्तू नाही. ती दरवर्षी पाळायची वस्तू आहे.

तंजावूर जिल्ह्यानं मात्र त्याच शतकात वेगळी वाट धरली. जिल्हा बोर्डानं उपकर गोळा करून स्वतःची रेल्वे बांधली. मायावरमहून मुत्तुपेट्टैपर्यंतची ही लाइन १८९४ मध्ये सुरू झाली. बोर्डाच्या मालकीची रेल्वे ही त्या काळात मोठी नवलाई होती. दगड नसलेल्या मुलखात रूळ टाकणं शहाणपणाचंच होतं. पण पुढच्या ३० वर्षांत मोटार आली आणि हिशेब बदलला.

जयकरांचे दोन आणे

पुणे विद्यापीठात शिकलेल्यांना जयकर ग्रंथालय माहीत असतं. ते ज्यांच्या नावानं आहे ते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. या जयकरांनी भारतातल्या रस्त्यांसाठी काय केलं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी झपाट्यानं वाढल्या. बैलगाडीसाठी बांधलेले रस्ते त्यांच्या वेगापुढे फुटू लागले, आणि जिल्हा बोर्डांकडे पैसा नव्हता. १९२७ मध्ये सरकारनं रस्ते विकास समिती नेमली, अध्यक्ष जयकर. १९२८ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की रस्ते आता स्थानिक बोर्डांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, देशानं त्यांच्याकडे लक्ष द्यायला हवं. त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्यावा आणि तो पैसा रस्त्यासाठीच वेगळा ठेवावा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था निघाली. रस्ता कसा असावा, वळण किती, उतार किती, कडेची पट्टी किती, याची मानकं ती आजही ठरवते. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य इंजिनिअर नागपूरला जमले. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही वर्गवारी त्या नागपूर योजनेतून आली.

म्हणजे पैसा कुठून यायचा ते ठरलं. रस्ता कसा असावा ते ठरलं. कुठला रस्ता कुणाचा तेही ठरलं. एकच गोष्ट राहिली : रस्ता ठरल्याप्रमाणे नसेल आणि माणूस मेला, तर काय?

वाईट रस्ता माणसाला मारतो कसा

आता पुन्हा कुंभकोणमच्या रस्त्यावर येऊ. वाईट रस्ता म्हटलं की आपल्याला खड्डाच दिसतो. पण खड्डा हा त्यातला एक प्रकार.

पाण्यानं भरलेला खड्डा आणि पाण्याचं साधं डबकं रात्री सारखंच दिसतं. मोटारसायकल ताशी ६० किलोमीटरनं जात असेल तर एका सेकंदात ती जवळजवळ १७ मीटर पुढं जाते. खड्डा दिसणं आणि ब्रेक दाबणं यात तेवढा वेळ जातोच. म्हणून चालवणारा ब्रेकऐवजी हँडल वळवतो आणि मागून येणाऱ्या लॉरीच्या पुढ्यात जातो. पंचनाम्यात येतं : मागून धडक. खड्ड्याला त्याचा स्पर्शही झालेला नसतो, मग तो नोंदीत येणार कसा?

दुसरा प्रकार, तुटलेली कड. डांबराचा थर उंच आणि कडेची माती वीतभर खाली. समोरून बस आली की दुचाकीवाला कडेला सरकतो आणि चाक खाली उतरतं. घाबरून तो ते परत वर चढवायला जातो, चाक कडेला घासतं आणि गाडी रस्त्याच्या मध्यावर आडवी होते. नोंद होते : ताबा सुटला.

तिसरा प्रकार त्या मुलखाचाच. कल्लणै ते पूम्पुहार हा रस्ता कुंभकोणमवरून जातो, आणि त्याचा बराच भाग कावेरीच्या काठाकाठानं आहे. नदी वळते तसा रस्ता वळतो. एका बाजूला पाणी, जागोजागी अरुंद मोऱ्या. नवख्या चालकाला रात्री वळण कळावं म्हणून जो कठडा किंवा चमकणारी पट्टी हवी, ती नसेल तर गाडी सरळ जाते आणि पाण्यात पडते.

चौथा प्रकार, अर्धवट काम. विक्रवांडी ते तंजावूर हा कुंभकोणमवरून जाणारा महामार्ग साधारण १६५ किलोमीटरचा. चौपदरीकरणासाठी त्याचे तीन तुकडे केले. काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. मधला सेत्तियातोप्पु ते चोळपुरम हा ५० किलोमीटरचा तुकडा आणि कोळ्ळिडमवरचा नवा चौपदरी पूल यांचं उद्घाटन जुलै २०२५ मध्ये झालं. विक्रवांडीकडचा पहिला तुकडा सगळ्यांत मागे राहिला. असं काम चालू असतं तेव्हा जुना रस्ता कुणी दुरुस्त करत नाही, कारण नवा येणारच असतो. वळणरस्ते बदलत राहतात, कालची वाट आज बंद असते. मुंबई-गोवा महामार्गावरून गेलेल्या माणसाला हे मी वेगळं सांगायला नको.

आणि पाचवा प्रकार फसवा, कारण तो सुधारणेसारखा दिसतो. जुना थर न खरवडता त्यावरच नवा थर, पाच वर्षांनी आणखी एक. रस्ता उंच होत जातो, घरं खाली जातात, पावसाचं पाणी दारात येतं, आणि वरच्या तारा जवळ येतात. मे २०२१ मध्ये तमिळनाडूच्या मुख्य सचिवांनी सगळ्या खात्यांना बजावलं होतं की आधी जुना थर खरवडा, मगच नवा घाला. त्यानंतर वर्षभराच्या आतच, २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे, तंजावूरजवळ काळीमेडु गावात देवाचा रथ उच्च दाबाच्या तारेला लागला. ११ माणसं गेली, त्यात मुलंही होती. नव्या थरामुळे रस्ता उंच झाला होता, असं तेव्हा गावकऱ्यांनी सांगितलं. रथाची उंची गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. पायाखालची जमीन वर आली आहे, हे रथ ओढणाऱ्याला कसं कळावं?

शंभरात एक?

आता आकड्यांकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यात खड्ड्यांमुळे मेलेली १,८५६. म्हणजे शंभरात एक. सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत.

हे वाचून कुणीही म्हणेल, मग दोष चालवणाऱ्यांचाच आहे. वेग हे मोठं कारण आहे, ते मी नाकारत नाही. पण आत्ताच पाहिलेले पाच प्रकार आठवा. मागून धडक, ताबा सुटला, पाण्यात पडला. यातले किती मृत्यू खड्ड्याच्या रकान्यात गेले असतील? रकाना भरणारा हवालदार चालकाला पाहतो, कारण त्याला आरोपी हवा असतो. रस्त्याची उंची मोजायला त्याच्याकडे ना पट्टी असते ना वेळ. म्हणून मी म्हणतो, शंभरात एक हा आकडा रस्त्याच्या दोषाचा नाही. तो आपल्या नोंदवहीचा आहे.

ही नोंदवही बदलायची सुरुवात तमिळनाडूतूनच झाली, हे मला सांगायला आवडतं. कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन अपघातात मोडलेली माणसं रोज जोडत होते. २०१२ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यातून २०१४ मध्ये न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती नेमली गेली. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत खड्ड्यांमुळे १४,९२६ मृत्यू झाल्याचं याच प्रकरणात समोर आलं, आणि डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयानं ही गोष्ट खपवून घेण्यासारखी नाही असं सुनावलं.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित अधिकारी, कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. रस्ता कसा होता, दुरुस्तीची स्थिती काय होती, धोका त्यांना माहीत होता का, फलक लावला होता का, हे न्यायालयानं पाहावं असंही त्यात आहे. दंड लहान आहे. पण डेव्हनच्या पुलाची आठवण ठेवून हे कलम वाचा. काहीच न करणं हाही गुन्हा होऊ शकतो, असं कायद्यानं अखेर म्हटलं.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं की नीट राखलेला रस्ता मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मेलेल्याच्या कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला, आणि ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्याकडून किंवा कंत्राटदाराकडून वसूल करावी असंही सांगितलं.

छत्र परत आलं

आता सरफोजीराजांकडे परत जाऊ. तमिळनाडूत २०१६ मध्ये १७,२१८ माणसं रस्त्यावर मेली होती. २०१९ मध्ये हा आकडा १०,५२५ वर आला. तीन वर्षांत इतकी घट देशात विरळाच. धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त केल्या, १०८ च्या रुग्णवाहिका अपघाताच्या जागांजवळ उभ्या केल्या, परवाने निलंबित केले. लोक एका रात्रीत शहाणे झाले नव्हते. प्रत्येक कामाला उत्तर देणारं कुणीतरी नेमलेलं होतं, एवढाच फरक.

डिसेंबर २०२१ मध्ये त्या राज्यानं आणखी एक योजना आणली. तमिळनाडूच्या हद्दीत अपघात झाला तर पहिल्या ४८ तासांचे उपचार ठरलेल्या रकमेपर्यंत मोफत. सुरुवातीला ही रक्कम एक लाख रुपये होती. जखमी माणूस कुठल्या राज्याचा, हे विचारायचं नाही. रामेश्वरला निघालेला नगरचा किंवा बेळगावचा यात्रेकरूही त्यात येतो. वाटसरू कोण, कुठला, हे न पाहता वैद्य आणि औषध : ही सरफोजीराजांच्या पत्रातलीच गोष्ट. फरक एवढाच की आता मराठी राजा नाही, लोकांच्या करातून चालणारं सरकार आहे.

पण छत्र हा निम्मा उपाय होता, आणि आजही निम्माच आहे. पडलेल्याला उचलणं एक, आणि तो पडूच नये असा रस्ता राखणं दुसरं. माधवरावांनी आणि जयकरांनी त्या दुसऱ्या निम्म्याचा पाया घातला. तो पुरा व्हायचा तर रस्त्याचा दोष कागदावर यायला हवा, कारण तिथं नसलेली गोष्ट न्यायालयापुढे नसतेच.

म्हणून एक काम तुमच्यासाठी. तुमच्या घरात, गावात, ओळखीत अपघात झाला तर जखमीला आधी दवाखान्यात न्या. मग त्याच दिवशी कुणालातरी जागेवर पाठवून रस्त्याचे फोटो काढून घ्या : खड्डा, तुटलेली कड, नसलेला फलक, बंद दिवा. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवलेला असतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. पंचनाम्यात रस्त्याची स्थिती लिहायला सांगा. आयआयटी मद्रासनं तयार केलेल्या अपघात नोंदणीच्या नव्या प्रणालीत फोटो आणि रस्त्याची माहिती घालायची सोय आहे, आणि तिच्या सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि तमिळनाडू दोन्ही होते. सोय आहे, तर ती वापरायला लावणं आपल्या हातात आहे.

कुंभकोणमला दर १२ वर्षांनी महामहम भरतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. लाखो माणसं त्याच अरुंद, ओल्या, दगड नसलेल्या मुलखातून गावात येतील, आणि त्यात आपलीही पुष्कळ असतील. तलावाची डागडुजी होईल, देवळं रंगवली जातील. तोवर रस्त्याची मरामतही झालेली असली पाहिजे, आणि झाली नाही तर कुणाला विचारायचं हे माहीत असलं पाहिजे.

पुढच्या भागात आपण तंजावूरच्या मोडी कागदपत्रांकडे वळू. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा, आणि रस्त्याकडे डोळे उघडे ठेवून पाहा. नमस्कार.